बटाविया : एका वलंदेजी बंदराची वाढ आणि बेचैनी



आज आम्ही आपल्यापुढे एका दूरच्या शहराची हकिकत मांडणार आहोत. हे शहर म्हणजे जावा बेटाच्या उत्तर किनाऱ्यावरचे बटाविया. आज त्याला जाकार्ता म्हणतात. वलंदेजांनी ते 1619 साली वसवले आणि मधली इंग्रजी अंमलाची थोडी वर्षे सोडली तर 1942 पर्यंत ते त्यांच्याच ताब्यात होते. इतक्या दूरच्या शहराचे आपल्याला काय, असे कोणी म्हणेल. प्रश्न रास्त आहे, म्हणून त्याचे उत्तर आधी देऊन टाकू.

‘वलंदेज’ हा शब्द आपल्याला परका नाही. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात टोपीकर साहुकारांची जी नामावळी आहे तीत फिरंगी, इंग्रज यांच्या जोडीने वलंदेजही आहेत. गोव्याच्या फिरंग्यांची कोंडी करता यावी म्हणून या वलंदेजांनी 1637 च्या सुमारास वेंगुर्ल्याला वखार घातली. त्या वखारीतली माणसे आजूबाजूच्या मुलखाच्या बातम्या लिहून बटावियाला पाठवीत, आणि तिथल्या किल्ल्यात ठेवलेल्या रोजनिशीत त्या नोंदल्या जात. शिवाजी महाराजांच्या हालचालींविषयी परकीयांनी लिहून ठेवलेला जो मजकूर आपले इतिहाससंशोधक चाळतात, त्यातला बराचसा या रोजनिशीतून आलेला आहे. सारांश, ज्या काळी आपल्याकडे कोणाला बटावियाचे नावही ठाऊक नव्हते, त्या काळी बटावियात मात्र कोकणच्या बातम्या वाचल्या जात होत्या.

परंतु आमच्या मनातले कारण याहून निराळे आहे. शहर माणसांवाचून वाढत नाही. माणसे बाहेरून येतात, पुष्कळदा मुद्दाम आणली जातात. मग ज्यांच्या हातांवर शहर उभे असते त्यांचीच शहराला भीती वाटू लागते. हा अनुभव जगातल्या कितीतरी शहरांचा आहे. बटावियात तो फार उघडपणे आणि फार भयंकर स्वरूपात दिसतो, म्हणून हा विषय आम्ही निवडला.

आता मूळ हकिकतीकडे वळू. 1602 साली हॉलंडातल्या अनेक लहान व्यापारी मंडळ्या एकत्र करून तिथल्या सरकारने एकच मोठी कंपनी स्थापन केली. तिचे भांडवल सुमारे 64 लाख गिल्डर होते. केवळ व्यापाराची मुभा देऊन सरकार थांबले नाही. तह करणे, किल्ले बांधणे, फौज बाळगणे, हे राजाचे अधिकारही त्याने या कंपनीला बहाल केले. तागडी आणि तलवार एकाच हातात आली की काय होते, याचे हे पहिल्या प्रतीचे उदाहरण आहे.

या कंपनीला पूर्वेकडे एक ठाणे हवे होते. जावाच्या किनाऱ्यावर चिलिवुंग नदीच्या मुखाशी जयकार्ता नावाचे एक लहानसे बंदर होते. तिथे यान पीटरसून कून या अधिकाऱ्याने 30 मे 1619 रोजी हल्ला केला, गाव जाळले आणि त्या राखेवर नवे शहर आखले. आपल्या जन्मगावावरून त्याला नवे होर्न म्हणावे अशी कूनची इच्छा होती. कंपनीच्या संचालकांनी मात्र हॉलंडातल्या प्राचीन बटावी जमातीवरून बटाविया हे नाव पसंत केले.

कून हा हिशेबी, धाडसी आणि निर्दय माणूस होता. जायफळ आणि जायपत्री त्या काळी एका बांदा बेटांतच होत असे. तेथील लोक कंपनीखेरीज इतरांनाही माल विकतात, हा त्यांचा अपराध. 1621 साली कूनने त्या बेटांवर स्वारी केली. तिथली वस्ती सुमारे 15,000 होती, तीतली जेमतेम हजारभर माणसे बेटांवर उरली. बाकीची मारली गेली, उपासमारीने मेली, पळाली किंवा कैद झाली. कैद झालेल्यांपैकी शेकडो लोक गुलाम म्हणून बटावियाला आणले गेले. नव्या शहराच्या आरंभीच्या रहिवाशांत हे बांदाचे लोक होते, हे ध्यानात ठेवले पाहिजे.

लगेच पुढे 1628 आणि 1629 अशी दोन वर्षे मातारामच्या सुलतान अगुंगने या शहराला वेढा घातला. मोठी फौज होती, परंतु वलंदेजांनी तिचा धान्यसाठा जाळून टाकला आणि उपासमारीने ती परतली. दुसरा वेढा चालू असतानाच कून आजाराने वारला. शहर वाचले, मात्र या वेढ्यांनी शहरकर्त्यांच्या मनावर एक छाप कायमची उमटली. तटाबाहेर जो आहे तो शत्रू आहे, ही ती छाप. पुढे 1656 साली बांतेनशी युद्ध जुंपले तेव्हा जावाच्या लोकांना तटाच्या आत राहण्याची बंदीच झाली. म्हणजे जावा बेटाच्या राजधानीत जावाच्या माणसाला घर नाही, असा हा प्रकार होता.

मग या शहरात राहत तरी कोण होते? सुदैवाने 1673 सालची शिरगणती उपलब्ध आहे. शहर आणि लगतचा भाग मिळून एकूण वस्ती 27,068. त्यात वलंदेज व इतर युरोपीय 2,024. मिश्र संततीचे 726. चिनी 2,747. जावाचे लोक आणि हिंदुस्थानकडचे मुसलमान, ज्यांना वलंदेज मूर म्हणत, ते मिळून 1,339. बाली बेटाचे 981. मलायी 611. ‘मार्डायकर’ म्हणून एक वर्ग होता, ते 5,362. आणि गुलाम 13,278.

हे आकडे जरा निवांतपणे पाहावेत. दर दोन माणसांतला जवळजवळ एक गुलाम. आणि ज्यांच्या नावाने शहर चाले ते युरोपीय तेरांत एक.

हे गुलाम कुठले? आरंभीच्या काळात त्यांतले पुष्कळ आपल्याच देशातले होते. चोलमंडळाचा किनारा, बंगाल, मलबार, पलीकडचे आराकान, इथून गलबते भरभरून माणसे जात. दुष्काळ पडला, लढाई झाली, की या बाजारात माणूस स्वस्त होई. पुढे हा पुरवठा आटला आणि बाली व सेलेबीस या बेटांवरून गुलाम येऊ लागले.

मार्डायकर या वर्गाची गोष्ट आम्हांस फार उद्बोधक वाटते. हे सुटका झालेले गुलाम आणि त्यांची संतती. यांचे पूर्वज बहुतेक हिंदुस्थानच्या किनाऱ्यांवरचे, फिरंग्यांच्या हाताखाली राहून ख्रिस्ती झालेले. नावे फिरंगी, भाषाही मोडकीतोडकी फिरंगी. वलंदेजांनी फिरंग्यांचा पाडाव केला, त्यांचा कॅथलिक पंथ शहरात बंद करून आपला प्रॉटेस्टंट पंथ चालवला. पण भाषेपुढे त्यांचे काही चालले नाही. वलंदेजांची स्वतःची मुले दाई-चाकरांच्या मांडीवर वाढली आणि तीच फिरंगी बोली बोलू लागली. शेवटी कंपनीला या लोकांसाठी तटाबाहेर स्वतंत्र फिरंगी देऊळ बांधावे लागले. ते 1695 साली पुरे झाले आणि आजही उभे आहे. जित्यांची भाषा जेत्यांच्या घरात शिरली, ती अशी स्वयंपाकघराच्या दाराने.

‘मार्डायकर’ हा शब्दही पाहण्यासारखा आहे. त्याचे मूळ संस्कृत ‘महर्द्धिक’, म्हणजे मोठ्या ऋद्धीचा, संपन्न. मलायी भाषेत त्याचे ‘मर्देका’ झाले आणि अर्थ झाला ‘मोकळा, कर-वेठीपासून सुटलेला’. या शब्दाशी आपली पुन्हा गाठ पडणार आहे.

आता शहराची रचना पाहू. वलंदेजांनी चिलिवुंग नदी सरळ करून घेतली, शहराच्या मधोमध नेली आणि दोन्ही बाजूंना काटकोनात कालवे खणले. कालव्यांच्या काठी झाडे, झाडांमागे उंच अरुंद घरे. जणू हॉलंडातले एखादे गावच उचलून विषुववृत्ताजवळ आणून ठेवले. येणारेजाणारे प्रवासी त्याला ‘पूर्वेची राणी’ म्हणत. तटाबाहेर निरनिराळ्या जमातींच्या वाड्या वसवल्या होत्या. बालीवाल्यांची एक, बुगीस लोकांची एक, मलायांची एक. हिंदुस्थानी मुसलमान व्यापाऱ्यांची वाडी ती पेकोजान. त्या नावात ‘खोजा’ हा शब्द दडला आहे. प्रत्येक वाडीला आपला प्रमुख असे. त्याला कप्तान म्हणत. तंटेबखेडे त्याने तोडायचे, वसूल त्याने भरायचा, लढाई आली की माणसे त्याने पुरवायची. जमाती एकमेकींत मिसळल्या नाहीत तर एक होऊन आपल्यावर उठणार नाहीत, हा त्यामागचा हिशेब होता.

पण या शहराचा खरा आधार होते चिनी लोक. कूनने त्यांना आग्रहाने बोलावले, आणि शहर वसले त्याच वर्षी सौ बेंग कोंग नावाच्या व्यापाऱ्याला त्यांचा पहिला कप्तान नेमले. चीनच्या आमॉय बंदराहून दरसाल मोठमोठी तारवे येत. चहा, रेशीम, चिनी मातीची भांडी आणीत, आणि उतारू म्हणून पोट भरायला निघालेली माणसेही आणीत. शहरातला सुतार चिनी, गवंडी चिनी, भाजी पिकवणारा चिनी, किराणा विकणारा चिनी. बाजाराचा मक्ता, जुगाराचा मक्ता, जकातीचा मक्ता हाही बहुधा चिनी मक्तेदाराकडे. खेरीज प्रत्येक चिनी पुरुषाला डोईपट्टी भरावी लागे. म्हणून बटाविया हे वलंदेजांच्या पहाऱ्याखालचे चिनी शहर होते, असे काही इतिहासकार म्हणतात, आणि ते फारसे खोटे नाही.

1684 साली बांतेनशी कायमचा तह झाला. तटाबाहेरचा मुलूख निर्धास्त झाला. तिथे उसाची लागवड आणि साखरेचे घाणे सुरू झाले. 1710 च्या सुमारास असे 130 घाणे होते. जमिनी बहुधा वलंदेजांच्या, घाणे चालवणारे चिनी, राबणारे चिनी आणि जावाचे मजूर. ही साखर जपानला जाई, इराणला जाई, आणि आपल्या सुरतेच्या बाजारातही उतरे. शहराला हात कमी पडू नयेत म्हणून चिनी तारवांतून माणसे येत राहिली. परवाना असलेली आली, नसलेलीही आली. पैसे घेऊन त्यांच्याकडे डोळेझाक करणारे अंमलदार होतेच.

शहराच्या घरांत काय चालले होते, तेही पाहिले पाहिजे. कंपनीच्या चाकरीत हॉलंडातून पुरुष येत, बायका फार थोड्या येत. म्हणून इथेच लग्ने लागत, आशियाई किंवा मिश्र रक्ताच्या बायकांशी. अशा बायकोला घेऊन मायदेशी परतण्याची मुभा नव्हती. बापाने पैसा केला की मुलगे शिक्षणाला हॉलंडात जात, मुली मात्र इथेच राहत आणि नव्याने आलेल्या अंमलदारांशी त्यांची लग्ने होत. त्यामुळे बटावियातली मोठी घराणी मुलींच्या बाजूने चालली. दरबारात जावई बसे, पण त्याचे पाय घट्ट रोवलेले असत ते सासुरवाडीच्या जमिनीत.

कॉर्नेलिया फान नायेनरोडे या बाईची हकिकत नमुन्यादाखल सांगतो. बाप वलंदेज व्यापारी, आई जपानी. जन्म जपानातल्या हिरादो बंदरात. बटावियात तिचे लग्न पीटर क्नोल या बड्या व्यापाऱ्याशी झाले. 1665 साली काढलेले या कुटुंबाचे चित्र ॲमस्टरडॅमच्या संग्रहालयात आहे. रेशमी वस्त्रांतले नवराबायको, दोन मुली, आणि मागे सावलीत दोन गुलाम. 1672 साली क्नोल वारला आणि सारी दौलत बाईच्या हाती आली. पुढे 1676 साली तिने योहान बिटर नावाच्या, हॉलंडातून नुकत्याच आलेल्या कायदेपंडिताशी दुसरा विवाह केला. वलंदेजी कायद्याप्रमाणे बायकोच्या मालमत्तेचा कारभार नवऱ्याकडे जाई. बिटरने त्या दौलतीला हात घालताच बाई कोर्टात उभी राहिली. वर्षानुवर्षे हा दावा चालला, अखेर हॉलंडपर्यंत गेला, आणि तिथेच ती वारली. हजारो माणसांना गुलामीत ठेवणाऱ्या या शहरात, त्यांची मालकीणही कायद्याने पुरती स्वतंत्र नव्हती.

त्या चित्रातल्या गुलामांपैकी एक उंटुंग सुरापाती असावा, अशी परंपरा आहे. ती खरी असो वा नसो, सुरापाती हा खरा माणूस. बालीचा, बटावियात गुलाम म्हणून वाढलेला. तो पळाला, टोळी जमवली, आणि 1686 साली मातारामच्या राजधानीत त्याच्या लोकांनी कंपनीच्या कॅप्टन टाक याला त्याच्या शिपायांसह ठार केले. पुढे पूर्व जावात त्याने आपले राज्यच स्थापले. 1706 साली तो लढाईत पडला. आजच्या इंडोनेशियात तो राष्ट्रवीर गणला जातो.

मालकांच्या मनात या गोष्टीची धास्ती बसली नसती तरच नवल. 1722 साली पीटर एर्बरफेल्ड या मिश्र रक्ताच्या गृहस्थावर बंडाचा आरोप आला. बाप जर्मन, आई सयामी. नववर्षाच्या दिवशी वलंदेजांची कत्तल करण्याचा त्याचा कट होता म्हणे. कबुली छळ करून घेतलेली. अतिशय क्रूर रीतीने त्याला आणि त्याच्या साथीदारांना मारले, त्याचे घर पाडले आणि त्या जागी भिंत बांधून तिच्यावर कवटी बसवली. या जागी कोणी कधीही घर बांधू नये, झाड लावू नये, असा हुकूम त्या भिंतीवर कोरला. कट खरोखर होता की नव्हता, याविषयी इतिहासकारांना आजही शंका आहे. पण भीती खरी होती, याविषयी शंका नाही.

आता आम्ही 1740 सालाकडे येतो.

त्याआधीची काही वर्षे साखरेचा धंदा बसत चालला होता. युरोपात वेस्ट इंडिजची साखर स्वस्त मिळू लागली. इराणात 1722 नंतर राजवट कोसळली आणि तिथले गिऱ्हाईक गेले. घाणे बंद पडू लागले आणि शेकडो चिनी मजूर रिकाम्या हाताने मुलूखभर हिंडू लागले. काहींनी चोऱ्यामाऱ्या केल्या, हेही खरे. 1739 च्या सुमारास शहर आणि भोवतालचा मुलूख मिळून नोंदलेले चिनीच 15,000 च्या घरात होते, बिननोंदीचे वेगळे. ज्यांना बोलावले ते आता ‘फार झाले’ असे वाटू लागले.

यावर गव्हर्नर-जनरल व्हाल्केनीर आणि त्याच्या मंडळाने जुलै 1740 मध्ये ठराव केला, की जो चिनी संशयास्पद दिसेल, ज्याला उदरनिर्वाहाचे साधन नसेल, त्याला पकडून सिलोनात दालचिनीच्या कामावर धाडावे. ठराव कागदावर एक आणि रस्त्यावर एक. अंमलदारांना ही पर्वणीच सापडली. ‘पैसे दे, नाहीतर सिलोनला पाठवतो’ असे म्हणून त्यांनी पोटापाण्याला लागलेल्या दुकानदारांनाही नाडायला सुरुवात केली. तशातच वावडी उठली, की सिलोनला नेतो म्हणून गलबतावर चढवतात आणि भर समुद्रात ढकलून देतात. ज्यांना कायद्याचा आसरा नाही त्यांनी वावडीवर विश्वास ठेवू नये, असे कोणत्या तोंडाने सांगावे?

घाण्यांवरचे मजूर जमू लागले. 7 ऑक्टोबरला त्यांनी तटाबाहेरच्या चौक्यांवर हल्ले करून शिपाई मारले. दुसऱ्या दिवशी ते तटापर्यंत आले आणि मागे हटवले गेले. शहराच्या आतले चिनी या उठावात नव्हते. त्यांना रात्री बाहेर पडण्याची आणि दिवाही लावण्याची मनाई झाली होती. ते घरांत दारे लावून बसले होते. पण आतले आणि बाहेरचे एकच, अशी समजूत एव्हाना शहरभर पसरली होती. 9 ऑक्टोबरला कत्तल सुरू झाली. कंपनीचे शिपाई, खलाशी, नागरिक, त्यांचे गुलाम, इतर जमातींची माणसे, सारे त्यात उतरले. चिनी घरांना आगी लावल्या. कप्तान नी हू कोंग याच्या घरावर तोफा डागल्या. दुसऱ्या दिवशी तुरुंगातले चिनी कैदी बाहेर काढून मारले, आणि इस्पितळातले आजारी चिनीही मारले. सुमारे 10,000 माणसे मेली असा अंदाज आहे. सहाशेहून अधिक घरे जळाली. पुढे चिनी शिरांवर बक्षीसही लावण्यात आले.

श्रोतेहो, या कत्तलीतली एक बाब विशेष विचार करण्यासारखी आहे. मारणारे सगळे वलंदेज नव्हते. ज्यांना कंपनीने वेगवेगळ्या वाड्यांत वेगवेगळे ठेवले होते, ज्यांची परस्परांत ओळख वाढू दिली नव्हती, तेही हातात शस्त्र घेऊन शेजाऱ्याच्या दारात उभे राहिले. आम्हांस वाटते, वाड्यावाड्यांत शहर वाटून ठेवण्याची जी कारभारी युक्ती होती तिचे हे फळ. माणसे एकत्र येऊन आपल्यावर उठू नयेत एवढीच काळजी राज्यकर्ते करतात. ती एकमेकांवर उठतील, ही काळजी ते करीत नाहीत.

परिणाम काय झाला? उरलेले बंडखोर पूर्वेकडे गेले, तिथले जावाचे सरदार त्यांना मिळाले आणि 1743 पर्यंत मध्य जावात लढाई पेटली. शहरात बाजार ओस पडला, भाजी-धान्याचे भाव कडाडले, साखरेचे घाणे मोडले, डोईपट्टी आणि मक्ते बुडाले. थोड्याच दिवसांत कंपनीला पुन्हा चिन्यांची आठवण झाली. तटाबाहेर त्यांना जागा नेमून दिली. तोच आजचा ग्लोडोक भाग. व्हाल्केनीरला विरोध करणाऱ्या फान इम्होफला आधी कैद करून हॉलंडला धाडले होते, पण तो गव्हर्नर-जनरल होऊन परत आला. आणि परतीच्या वाटेवर केपला पकडलेला व्हाल्केनीर बटावियाच्याच तुरुंगात 1751 साली मेला. आणि चीनच्या बादशहाचा दरबार? देश सोडून गेलेल्यांसाठी त्याने बोटही उचलले नाही. व्यापार चालू राहिला.

या सुमारास शहरावर दुसरेही एक अरिष्ट कोसळले होते. 1699 च्या भूकंपाने डोंगरांतली माती नदीत वाहून आली होती. कालवे गाळाने भरत होते, किनारा पुढे सरकत होता. त्या नव्या किनाऱ्यावर मासे पाळण्यासाठी खाऱ्या पाण्याची तळी केली गेली. 1733 पासून शहरात माणसे भराभर मरू लागली. दोष कालव्यांच्या दुर्गंधीला दिला गेला. अलीकडच्या संशोधनाने दाखवले आहे, की खरे कारण त्या तळ्यांत वाढणारे हिवतापाचे डास हे होते. पूर्वी नव्याने आलेल्या शिपायांपैकी दहांत एखादा वर्षभरात मरे. आता जवळजवळ निम्मे मरू लागले. 1770 साली कॅप्टन कुकचे जहाज दुरुस्तीसाठी इथे थांबले. जगप्रवासात ज्याने खलाशांची प्रकृती उत्तम राखली, त्याच्या जहाजावरची सात माणसे इथे गेली आणि वीसहून अधिक पुढे केपच्या वाटेवर दगावली. ‘पूर्वेची राणी’ आता गोऱ्यांचे स्मशान म्हणून ओळखली जाऊ लागली.

तरीही कंपनी माणसे पाठवीतच राहिली. दोन शतकांत हॉलंडातून पूर्वेकडे पावणेदहा लाखांच्या आसपास माणसे निघाली. परतली ती निम्म्याहून पुष्कळ कमी. आणि गंमत अशी, की मरण दारात उभे असताना या शहराला चिंता होती ती इतमामाची. कोणाच्या गाडीला किती घोडे असावेत, कोणाच्या बायकोने किती दागिने घालावेत, छत्री कोणावर धरावी, याचे सविस्तर नियम 1754 साली गव्हर्नर-जनरल मोसेलने काढले. जिथे माणसाची किंमत स्थिर नसते तिथे छत्रीची किंमत फार वाढते.

31 डिसेंबर 1799 रोजी कर्जबाजारी कंपनी विसर्जित झाली आणि मुलूख हॉलंडच्या सरकारकडे गेला. 1808 साली आलेल्या दांडेल्सने जुना किल्ला पाडला आणि दक्षिणेला उंच, मोकळ्या जागी नवी वस्ती केली. युरोपीय तिकडे गेले; जुने शहर वखारी, कचेऱ्या आणि गरिबांसाठी उरले. 1811 ते 1816 इंग्रजांचा अंमल होता. पुढे 1860 साली गुलामगिरी कायद्याने बंद झाली. 1873 मध्ये बेयटनझॉर्गपर्यंत आगगाडी गेली. सुवेझचा कालवा झाल्यावर आगबोटींची वर्दळ वाढली, तेव्हा तांजुंग प्रियोक हे नवे बंदर 1880 च्या दशकात बांधून झाले. शहर पुन्हा वाढू लागले आणि 1930 च्या सुमारास त्याची वस्ती चार लाखांवर गेली.

तट पडला, तरी भिंती राहिल्या. 1854 च्या कायद्याने प्रजेचे युरोपीय, परदेशी पौर्वात्य आणि एतद्देशीय असे वर्ग पक्के केले. ज्याच्या पिढ्या या शहरात गेल्या तो चिनीही कायद्याने परदेशीच. त्याने ठरावीक वस्तीत राहावे आणि बाहेरगावी जाताना परवाना काढावा, हा नियम विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकापर्यंत टिकला.

परंतु कायदा वर्ग पाडीत असताना गल्लीबोळांत दुसरेच काही घडत होते. बालीचे, बुगीस, मलायी, जावाचे, हिंदुस्थानकडचे, चिनी, मार्डायकर, यांची दोन शतके लग्ने होत गेली. पोरे एकत्र खेळली. बाजारात बोलायला सगळ्यांना समजेल अशी मलायी बोली तयार झाली. त्यातून एक नवीच जमात जन्मली. ती स्वतःला ‘बेतावी’ म्हणवते, म्हणजे बटावियाची माणसे. 1930 च्या शिरगणतीत तिची वेगळी नोंद झाली. ज्यांना शहराने कधी आपले म्हटले नाही त्यांच्या वंशजांनी शहराचे नावच आपले नाव म्हणून घेतले. शहराजवळच्या तुगू गावात मार्डायकरांचे वंशज राहत आले, आणि त्यांच्या तंतुवाद्यांतून निघालेले क्रोंचोंग हे संगीत साऱ्या इंडोनेशियाचे झाले.

मार्च 1942 मध्ये जपानी फौजा शहरात शिरल्या. त्यांनी बटाविया हे नाव काढून जाकार्ता केले. एर्बरफेल्डच्या कवटीची भिंतही त्यांच्याच अमदानीत पाडली गेली. 17 ऑगस्ट 1945 रोजी याच शहरात सुकार्नो आणि हत्ता यांनी स्वातंत्र्याची घोषणा केली, आणि ज्या शब्दाने देशभर गर्जना उठली तो शब्द होता ‘मर्देका’. एके काळी सुटलेल्या गुलामाला लावलेला तोच शब्द. चार वर्षांच्या झगड्यानंतर 27 डिसेंबर 1949 रोजी हॉलंडने सत्ता सोडली.

इथेच थांबलो तर गोष्ट गोड होईल, पण ती अपुरी राहील. मे 1998 मध्ये, इंडोनेशियाच्या रुपयाची किंमत कोसळलेली आणि लोक महागाईने होरपळलेले असताना, जाकार्तात दंगे उसळले. हजाराहून अधिक माणसे मेली. दुकाने जळाली ती पुष्कळशी चिनी वंशाच्या लोकांची, आणि ग्लोडोकमध्येच सर्वात जास्त. राज्यकर्ते बदलले होते, झेंडा बदलला होता, 258 वर्षे उलटली होती. धंदा बसला, पोटाला चिमटा बसला, की बोट कोणाकडे दाखवायचे ते मात्र ठरलेले होते.

वलंदेज दुष्ट होते म्हणून हे घडले, असे म्हणून मोकळे होणे सोपे आहे. आम्हांस ते पुरेसे वाटत नाही. कारभाराची तऱ्हाच अशी होती, की कामासाठी माणूस हवा, पण नागरिक म्हणून नको. डोईपट्टी त्याची घ्यायची, पण कचेरीत त्याचे ऐकायचे नाही. चांगल्या दिवसांत त्याच्या परवान्याकडे डोळेझाक करायची आणि वाईट दिवसांत त्याच परवान्यावरून त्याला हुसकायचे. ही तऱ्हा चालवायला वलंदेजच लागतात असे नाही. कोणत्याही वाढत्या शहराला ती जमते, आणि सुकाळात तिच्याकडे कोणाचे लक्षही जात नाही.

म्हणून शहर किती वाढले हे मोजताना घरे, बंदरे आणि रस्ते यांबरोबर आणखी एक गोष्ट मोजावी, असे आमचे नम्र सांगणे आहे. धंदा बसलेल्या वर्षी त्या शहरातला सर्वात नवखा, सर्वात गरीब मजूर रात्री निर्धास्त झोपू शकतो की नाही? ऑक्टोबर 1740 मध्ये बटावियापाशी या प्रश्नाचे उत्तर नव्हते. उत्तर तयार करण्याची वेळ त्याच्या आधीची होती, घाणे जोरात चालत होते आणि साखर सुरतेला जात होती तेव्हाची.